पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर तुम्ही काय समजता? (धुळे–सुरत रस्ता)

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान आहे. माल आणायला गेली नऊ वर्षं महिन्यातून एकदा, लग्नसराईत दोनदा, मी स्वतः ईको चालवत सुरतेला जाते. पहाटे चारला घर सोडायचं, धुळे, कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडी, नवापूर. साडेनऊ-दहापर्यंत रिंगरोडच्या मार्केटात. त्याच रात्री परत.

एवढ्या वर्षांत रस्त्यापेक्षा रस्त्यावरची माणसं जास्त पाठ झाली आहेत. पुढचा माणूस काय करणार हे तो करायच्या आधी मला बऱ्याचदा कळतं. कोणी लेन बदलणार असला की इंडिकेटरच्या आधी त्याचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीकडे झुकतं. मोबाईलवर बोलणारा हळूहळू वेग सोडतो, मग एकदम जागा झाल्यासारखा दाबतो. ट्रकच्या उजव्या आरशात मला ड्रायव्हरचा चेहरा दिसला, तर तोही मला पाहू शकतो. चेहरा दिसत नसेल तर त्याच्या लेखी मी रस्त्यावरच नाही. ही एक गोष्ट मी कधी सोडत नाही: चेहरा दिसेपर्यंत बाजूला जायचं नाही.

पण एका बाबतीत मी नऊ वर्षांनंतरही चुकले.

मागच्या महिन्यात परतीला, कोंडाईबारी चढून वर आल्यावर, दहिवेलच्या अलीकडे. दिवेलागणीची वेळ. पुढे एक टँकर डाव्या लेनमधून साधारण पन्नासने चालला होता. मी मागे लागल्यावर त्याने उजवा इंडिकेटर दिला. माझ्या डोक्यात त्याचा एकच अर्थ बसलेला: "रस्ता मोकळा आहे, निघ." मी उजव्या लेनला आले आणि दाबलं. मी त्याच्या मागच्या चाकाशी पोचते न पोचते तोच टँकरचं तोंड उजवीकडे वळलं. पुढे दुभाजक तोडलेला होता आणि पलीकडे ढाबा. त्याला तिकडे जायचं होतं. तो खरोखरच उजवीकडे वळत होता आणि तसं त्याने मला सांगितलंही होतं.

ब्रेक दाबला तेव्हा मागचे साड्यांचे गठ्ठे सरकून माझ्या सीटच्या पाठीवर आदळले. टँकरच्या मागच्या बंपरवर लावलेली लाल-पांढरी चमकपट्टी काचेसमोर वीतभर अंतरावर थांबली. त्या पट्टीचा एक कोपरा उचकटलेला होता आणि त्यात गवताची काडी अडकली होती, हे मला आजही दिसतं. टँकरवाला उतरून आला. पन्नाशीचा माणूस होता. ओरडला नाही. "ताई, इंडिकेटर दिला होता ना मी," एवढंच म्हणाला. त्याचं खरं होतं.

आता प्रश्न. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, दिवाळीत त्याचं लायसन आलं. पुढच्या फेरीपासून तो माझ्याबरोबर आळीपाळीने गाडी चालवणार आहे. त्याला मी काय शिकवू? उजवा इंडिकेटर म्हणजे "जा" की "थांब"? या रस्त्यावर रोज चालवणाऱ्यांनी, खास करून ट्रक चालवलेल्यांनी, स्पष्ट सांगावं. आणि दुसऱ्यांच्या सवयी ओळखायच्या तुमच्या काही खुणा असतील तर त्याही लिहा. मी त्याला सगळं वाचून दाखवणार आहे.

---

एरंडोल_बाइक

मी रोज एरंडोल–जळगाव दुचाकीवर करतो, त्यामुळे माझं उत्तर सोपं आहे. इंडिकेटर कुठलाही असो, चौपदरीवर दुभाजकाला तोड दिसली की त्या ठिकाणी ओव्हरटेक करायचं नाही. तोड लांबूनच कळते. तिथे झाडं नसतात आणि मातीवर टायरच्या खुणा वळलेल्या असतात. बहुतेक वेळा समोर ढाबा, पंप नाहीतर शेताचा रस्ता असतो.

मुलाला आणखी एक सांगा. सर्व्हिस रोड संपतो तिथून दुचाकीवाले उलट्या दिशेने हायवेवर येतात, डाव्या कडेने. शाळा सुटायच्या वेळी जास्त. पालक पोरांना घेऊन येतात, कारण पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यायला दोन किलोमीटर पडतात. मीही पूर्वी केलंय, आता नाही करत. रात्री समोरून एकच दिवा दिसला तर तो दुचाकीचा आहे असं धरू नका. एक हेडलाईट गेलेला ट्रक असू शकतो, आणि गेलेला दिवा तुमच्या बाजूचा असतो.

---

शिरपूर_१८

ताई, मी २२ वर्षं ट्रक चालवला. आता स्वतःचा आयशर आहे, शिरपूर–इंदूर आणि शिरपूर–वाशी. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आमच्या लोकांतही एक नाही.

हे आलं कुठून ते सांगतो. हा रस्ता दुपदरी होता तेव्हा मागच्या गाडीला ट्रकच्या पुढचं काहीच दिसायचं नाही. आम्ही उंच बसतो, आम्हाला दिसतं. समोर मोकळं असलं की क्लीनर डाव्या बाजूने हात हलवायचा, नाहीतर ड्रायव्हर उजवा हात बाहेर काढून पुढे जा म्हणून हलवायचा. रात्री हात दिसत नाही, म्हणून उजवा इंडिकेटर. मला माझ्या उस्तादाने असंच शिकवलं. पण दक्षिणेकडच्या गाड्यांवर मी उलटं पाहिलंय. टीएन २८ नंबरच्या, नामक्कलच्या गाड्या आपल्याकडे खूप येतात. त्यातले किती तरी डावा देतात, म्हणजे "मी डावीला सरकतोय, तू ये." त्यांचा उजवा म्हणजे "येऊ नको." आता एकाच रस्त्यावर दोन्ही चालतात, वर कायद्याचा तिसरा अर्थ, म्हणजे खरंच वळणं.

म्हणून इंडिकेटर एकटा वाचायचा नाही, गाडी वाचायची. साईड देणारा वेग तोच ठेवतो, जरासा डावीला दबतो आणि इंडिकेटर चार-पाच वेळा लागून बंद होतो. वळणारा आधी वेग सोडतो. भरलेली गाडी असेल तर गिअर उतरवल्याचा आवाज येतो, सायलेन्सरमधून धुराचा एक भपका निघतो आणि इंडिकेटर चालूच राहतो. ब्रेकलाईटवर विसंबू नका, निम्म्या गाड्यांची चिखलाने झाकलेली असते. लांब ट्रेलर तर डावीकडे वळायच्या आधी उजवीकडे येतो, कारण मागचा भाग वळणात आत कापतो. नवीन पोरांना वाटतं साईड देतोय, आणि ते डावीकडून घुसतात. तिथे वाचायला जागा राहत नाही.

तुमच्या टँकरवाल्याने पन्नासवरून वेग सोडला होता का? आठवून बघा.

---

बोरीकाठ

शिरपूर भाऊ, आठवलं. सोडला होता. मी त्याला चाळीसच्या आसपास असताना गाठलं, आणि मला वाटलं माझ्यासाठी थांबतोय. आवाजाकडे माझं लक्ष नव्हतं, काचा बंद होत्या.

तुम्ही "गाडी वाचायची" म्हणालात ते वहीत लिहून घेतलंय.

आणखी एक विचारते. उजव्या लेनमधून चाळीसने चालणारे ट्रक. डावी लेन मोकळी असते, हॉर्न दिला तरी हलत नाहीत. मुलगा विचारतो, आई, मग डावीकडून काढू का? मी नाही म्हणते, पण का नाही ते मला नीट सांगता येत नाही.

---

जुना_प्रशिक्षक

मी धुळ्यात बरीच वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं. वरचं सगळं वाचलं आणि मला काळजी वाटली. आपण पोराला दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवतोय, नियम नाही.

१९८९ च्या रस्ता नियमांत मागच्याला पुढे जाऊ देण्याचा हाताचा इशारा लिहिलेला होता: उजवा हात आडवा बाहेर काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात हलवायचा. उजवा इंडिकेटर त्यासाठी कधीच नव्हता. २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यांतही उजवा इंडिकेटर म्हणजे उजवीकडे जाणं. ज्याला ओव्हरटेक केलं जातंय त्याने वेग वाढवायचा नाही, हाही नियमच आहे. रोज किती लोक तो मोडतात ते तुम्ही पाहता. तुमच्या मुलाने निदान तो मोडू नये. २०१८ पासून दुभाजक असलेल्या चौपदरीवर मोटारीला १००, मालट्रकला ८० ही केंद्राने ठरवलेली वरची मर्यादा आहे. आणि ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. अंतर ठेवलं तर कोणाच्या मनात काय आहे हे ओळखायची गरज निम्म्याने कमी होते.

मुलाला आधी अंतर शिकवा. पुढची गाडी ज्या खांबापाशी गेली, तिथे आपण पोचेपर्यंत तीन सेकंद मोजायचे. पावसात दुप्पट.

---

बोरीकाठ

सर, तीन सेकंदांचं मी कबूल करते. त्या संध्याकाळी मी तीन सेकंद नव्हते, एकही नव्हते.

पण दुसऱ्याच्या सवयी ओळखू नका हे मला पटत नाही. नियम मला माझं सांगतो. समोरचा काय करेल ते नियम सांगत नाही. समोरून अप्पर-डिपर मारणारा "तुम्ही या" म्हणत नसतो, "मी येतोय, थांबा" म्हणत असतो. हे कुठल्या पुस्तकातून मुलाला कळणार? ते माहीत नसल्यामुळे कोणी समोर गेला तर त्याच्याकडे नियम असूनही तो वाचणार नाही. मला दोन्ही शिकवायचं आहे.

---

शिरपूर_१८

सरांचं चूक नाही, ताईंचंही नाही. उजव्या लेनचं सांगतो.

भरलेला ट्रक उजवीकडे का चालतो? डाव्या लेनला पंक्चर झालेली गाडी उभी असते, काळीपिवळी थांबलेली असते, उलटा येणारा दुचाकीवाला असतो, बैलगाडी असते. २५ टन माल असताना थांबलेली गाडी पुन्हा उचलायला किती डिझेल आणि किती गिअर लागतात ते आम्हालाच माहीत. शिवाय भरलेल्या गाड्यांनी डाव्या लेनला चाकांच्या नाल्या पडलेल्या असतात, स्टिअरिंग ओढतं. म्हणून ड्रायव्हर उजवी धरतो आणि सोडत नाही. ते चूकच आहे. पण तो तुम्हाला अडवायला उभा नाही, त्याला बाजूला यायची भीती वाटते. डावीकडून का काढायचं नाही? कारण डावी बाजू आमची आंधळी आहे. क्लीनर हल्ली बहुतेक गाड्यांवर नसतोच. तुम्ही डावीकडे असताना मला बैलगाडी चुकवून परत डावीला यायचं झालं, तर मी येणार आणि तुम्ही मला दिसणार नाही. काढावंच लागलं तर हॉर्न देत, पूर्ण वेगाने, बाजूला न रेंगाळता. थांबता आलं तर थांबा.

झोपेचं लिहितो, कारण मुलगा पहाटे चालवणार आहे. तीन ते पाच वाईट वेळ. झोप लागलेला ट्रक एकदम जात नाही. तो हळूहळू पांढऱ्या पट्टीवर जातो, चाक खडबडीतवर लागतं, मग झटक्याने परत येतो. पुन्हा तेच. समोरून येत असेल तर डिपर देत नाही, कारण हात उठत नाही. असा दिसला तर त्याच्या बाजूला जायच्या आधी, मागे असतानाच लांब हॉर्न द्या. तो जागा होतो. बाजूला गेल्यावर हॉर्न दिला तर दचकून तुमच्याकडेच ओढतो. माझ्या बाबतीत दोनदा कोणीतरी असा हॉर्न दिलाय, मला त्यांचे चेहरेही माहीत नाहीत. एकदा नरडाण्याजवळ, एकदा पिंपळनेर फाट्यापुढे. उन्हाळ्यात केबिनमध्ये इंजिनची उष्णता आणि बाहेर ४३–४४ डिग्री, दिवसा झोप होतच नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केलीय. जुन्या गाड्या अजून वीस वर्षं तशाच धावतील.

घाटाचं एक. उतारावर ट्रकच्या मागून रबर जळाल्यासारखा वास आला की ब्रेकचे लायनर तापले आहेत. तो ब्रेकवर उतरतोय, गिअरवर नाही. काही लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. आणि ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, कोणी इंजिनच बंद केलं तर टाकीत हवाही भरत नाही. चार-पाच वेळा पाय दाबला की टाकी उतरते. बिजासन घाट उतरून पळासनेरला येणारा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकतो. ४ जुलै २०२३ ला तिथे कंटेनर हॉटेलात घुसला, ब्रेक लागले नव्हते. दहा लोक गेले. त्या हॉटेलसमोर मी कितीदा चहाला थांबलो असेन. तेव्हापासून उताराच्या पायथ्याला मी गाडी थांबवत नाही, चहा पुढे दोन किलोमीटरवर. मुलाला सांगा, कोंडाईबारीच्या पायथ्यालाही थांबायचं नाही, लघवीलासुद्धा नाही.

माझा बाप बैलगाडी हाकायचा. मागून कोणी पुढे गेलं की म्हणायचा, "जाऊ दे त्याले, घर काय पळी ऱ्हायनं का?" ट्रकवर बसलो तरी तेच ऐकू येतं.

---

चैत्री_पायी

मी वाहनचालक नाही. चैत्रात आम्ही धरणगावहून वणीला पायी जातो, सप्तशृंगीला. धुळे–मालेगाव रस्त्याने, उन्हामुळे रात्रीच जास्त चालतो. कडेने चालणाऱ्याला गाड्यांच्या सवयी फार जवळून कळतात, म्हणून लिहिते.

ट्रकवाले लांबूनच उजवी लेन धरतात आणि डिपर करतात. बरेच जण "आई की जय" म्हणून हात दाखवतात. आम्हाला भीती छोट्या गाड्यांची. त्या आमच्या झेंड्याला चाटून जातात, कारण आत गाणी असतात आणि काचा बंद. माझ्या पुढे चालणाऱ्या आजीच्या पदराला आरसा लागला होता. ती पडली नाही, पण तिथून पुढे देवळापर्यंत ती रस्त्याच्या आतल्या बाजूला कधी आली नाही.

ताई, तुमच्या मुलाला सांगा, चैत्र पौर्णिमेच्या आधीचे आठ दिवस डाव्या कडेला माणसं असतात. सगळ्यांकडे टॉर्च नसतो.

---

एरंडोल_बाइक

कापसाचं राहिलं. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत खुला कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगला जातात. जाळीतून कापूस दोन्ही बाजूंना इतका फुगलेला असतो की आरसेच झाकले जातात. ताईंची आरशात चेहरा दिसण्याची खूण तिथे चालत नाही. त्यांना मागचं काहीच दिसत नाही हे धरूनच चालायचं.

आणि रस्त्यात बाभळीची किंवा निंबाची फांदी पडलेली दिसली की पुढे बंद पडलेली गाडी आहे. गाडी दुरुस्त होऊन जाते, चाकाखालचे दगड मात्र तिथेच राहतात. शक्य असेल तर थांबून बाजूला करा. जमत नसेल तर १०३३ वर फोन करून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे.

---

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. काल मुलाबरोबर पहिली फेरी झाली. जाताना मी चालवलं, येताना नवापूरपासून त्याने.

विसरवाडीच्या पुढे घाट चढताना एक आयशर समोर होता, उसाच्या मजुरांचा. बारडोलीकडे तोडीला गेलेली माणसं परत येत असावीत. मागे बायका-पोरं, भांडी, एक शेळी. त्याने उजवा इंडिकेटर दिला. मी काही बोलले नाही. मुलाने काच खाली केली. गिअर उतरल्याचा आवाज आला नाही, वेग तोच होता, गाडी डावीला दबली. तरी त्याने तीन मोजले. तेवढ्यात आयशरमधल्या एका बाईने पदर डोक्यावर घेत हात पुढे हलवला, जा म्हणून. मग तो गेला. जाताना त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली.

दहिवेलच्या त्या दुभाजकाच्या तोडीजवळ त्याने आपणहून वेग साठवर आणला. मी जागा दाखवली नव्हती. टायरच्या खुणा दिसल्या म्हणाला. पलीकडच्या ढाब्यावर थांबून आम्ही शेवभाजी खाल्ली, वळायला मात्र पुढच्या पुलाखालून फिरून आलो.

चैत्री ताई, पुढच्या महिन्यात आमची फेरी नेमकी पौर्णिमेच्या आठवड्यात येते. ती पुढे ढकलली आहे. शिरपूर भाऊ, वाशीहून परतताना कधी अमळनेरवरून गेलात तर दुकानी चहाला या. मंगळग्रह मंदिराचा रस्ता विचारा, आम्ही त्याच वाटेवर आहोत.